मादागास्करला जाताना कोकणातून काय न्यावे

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिने दापोलीला बी.एस्सी. कृषी केले आणि आता चर्चच्या मिशनतर्फे ती दोन वर्षांसाठी मादागास्करला चालली आहे. आंत्सिराबेच्या आसपासच्या डोंगराळ गावांत लहान भातशेतकऱ्यांचे पीक वाढवायला मदत करायची, असे काम आहे. कोकणात शिकलेले तिथे कितपत चालेल, इथली बियाणी न्यावीत का, पहिल्या वर्षी नेमके काय करावे, असे तिने विचारले आहे. शेवटी एक ओळ आहे: "माझा भाऊ म्हणतो, शेती हे तुमचे आमिष आहे. त्याला काय सांगू?"

तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात एका ख्रिस्ती संस्थेच्या शेती विभागात माझी सव्वीस वर्षे गेली. त्यातली मधली चार वर्षे मी तू जातेस त्याच मुलखात होतो. एवढ्या काळात एक गोष्ट मला पक्की कळली. गरीब शेतकरी आपल्या सुधारणेला "नको" म्हणतो तेव्हा त्या "नको"मागे हिशेब असतो. तो हिशेब कळेपर्यंत शिकवायला उभे राहू नये.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी राजापूर तालुक्यात वाडीवाडीवर भाजावळ बंद करा म्हणून सांगत फिरत होतो. तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपे करायच्या, जागेवर कवळ (झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या), पातेरा, शेण पसरायचे, वर माती टाकायची आणि भर उन्हाळ्यात जाळायचे. त्यापायी झाडे ओरबाडली जातात आणि खत होण्याजोगा माल राख होतो. पुस्तकाप्रमाणे सगळे चूकच होते. एका आजींनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाजावळ नाय केली तर तरव्यातलं गवत कोण काढणार? तू येशील?" घरात दोन बायका, मुलगा मुंबईला, जूनचा पाऊस डोक्यावर. कोवळ्या भाताचे पाते आणि गवताचे पाते शेजारी उगवले की ओळखू येत नाही. भाजल्याने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि तरवा उपटताना मुळे तुटत नाहीत. मी जंगलाचा हिशेब करत होतो आणि आजी घरातल्या हातांचा.

पुढे आम्ही त्याच वाडीत गादीवाफे करून पाहिले, पण आजींची अडचण समोर ठेवून. वळवाच्या पावसावर तण उगवू द्यायचे, ते खरवडून काढायचे आणि मग पेरायचे. ज्या वर्षी वळीव आला त्या वर्षी जमले, ज्या वर्षी मृग एकदम कोसळला त्या वर्षी नाही. काही घरांनी भाजावळ सोडली, काहींनी निम्म्यावर आणली. त्याहून मोठा दावा मी करणार नाही. पण त्या वाडीत नंतर मला कुणी परका मानले नाही.

आता तुझ्या मुलखाची गोष्ट. आँरी द लोलानिए हे फ्रेंच जेझुइट पाद्री 1961 मध्ये मादागास्करला गेले. शेतीशास्त्र शिकलेले होते, तरी पहिली वीस वर्षे त्यांनी मुख्यत्वे पाहण्यात आणि छोटे प्रयोग करण्यात घालवली. कुठे शेतकरी चुडात, म्हणजे लावणीच्या एका जागी, एकच रोप लावतात, कुठे खाचर मधूनमधून सुकू देतात, हे त्यांनी गावोगाव टिपले. 1983-84 च्या हंगामात पावसाने ओढ दिली आणि आंत्सिराबेच्या शेतीशाळेत एरवी महिनाभराची लावायची तिथे पंधरा दिवसांची रोपे लावावी लागली. ती रोपे अशी फुटली की त्यातून एक पूर्ण पद्धतच उभी राहिली: कोवळे रोप, एका जागी एकच, 25 सेंटिमीटरच्या चौकोनात, खाचरात पाणी तुंबवून न ठेवता, आणि तणासाठी ओळींमधून कोळपे फिरवत. तिला जग एसआरआय म्हणते, आपल्याकडे 'श्री' पद्धत. 1990 मध्ये त्यांनी मलागासी सोबत्यांबरोबर तेफी साइना ही संस्था काढली. 1995 मध्ये ते गेले. मिशनच्या शेतीकामाचा माझ्या मते याहून चांगला नमुना नाही, कारण त्यातले जवळजवळ प्रत्येक सूत्र कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याच्या बांधावर आधीपासून होते. पाद्रीबाबांनी ती एकत्र गुंफली.

मात्र या गोष्टीचा दुसरा भाग आमच्या सभांत कुणी सांगत नाही, आणि तुला तोच जास्त लागेल. कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी 2003 मध्ये दाखवले की मादागास्करमध्ये ही पद्धत करून पाहिलेल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी ती पुढे सोडून दिली. पीक वाढत होते तरी सोडली. कारण लावणी आणि बेणणीचे दिवस तिथे उपासमारीचे दिवस असतात. मागचे भात संपलेले, नवे एप्रिल-मेमध्ये येणार. मधल्या महिन्यांत ज्याच्या घरात दाणा नाही तो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो, कारण संध्याकाळी हातात पैसे लागतात. त्याला तू सांगणार की स्वतःच्या शेतात दुप्पट वेळ घाल, चार महिन्यांनी जास्त मिळेल. तो मान डोलावेल आणि येणार नाही. त्याला आळशी समजू नकोस.

मी तिथे पहिल्या वर्षी हेच केले. दोरी, खुणा, कोळपे, सगळे घेऊन बांधावर उभा राहिलो. ज्यांच्याकडे बैलजोड्या आणि भरलेली कोठारे होती ते पाच-सात जण आले आणि त्यांचे पीक खरेच वाढले. ज्यांच्यासाठी गेलो होतो ते लांबून बघत होते. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अहवालात माझे आकडे छान दिसले. मला मात्र दुसऱ्या हंगामात एका विधवा बाईने सांगितले की तिने आपले उभे हिरवे भात फेब्रुवारीतच सावकाराला विकले आहे, तेव्हा जास्त पिकले तरी ते त्याच्याच घरी जाणार. उभे पीक असे स्वस्तात आगाऊ विकण्याला तिथे 'वारी माइत्सो', म्हणजे हिरवे भात, म्हणतात. हे मला पहिल्याच महिन्यात विचारायला हवे होते.

म्हणून पहिल्या वर्षाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पीक वाढवायच्या आधी कणगीकडे बघ. आपल्याकडे पालघर-ठाण्यात पावसाळ्यात खावटी, म्हणजे खाण्यापुरती उचल, लागते, ती का लागते हे तू शिकली आहेस. तिथेही गावाचे सामाईक कोठार ही कल्पना नवी नाही. काढणीला भात पडेल भावाने विकायचे नाही, थोडेथोडे गावाच्या कोठारात कुलपात ठेवायचे, त्यावर पतसंस्थेकडून उचल घ्यायची आणि भाव चढल्यावर किंवा चूल विझायची वेळ आली की सोडवायचे. दोन किल्ल्या, दोन वेगळ्या घरांत. उंदरांसाठी खांबांना पत्र्याच्या टोप्या. भात नीट वाळवलेले, ओलसर एकही पोते आत घ्यायचे नाही. या कामाला कुठे फोटो काढण्यासारखे काही नसते, पण ज्या घराला जानेवारी-फेब्रुवारीत खायला आहे त्याच घराला तुझे म्हणणे ऐकायची सवड असते. माझ्या तिसऱ्या वर्षी 'श्री' करायला जी गरीब घरे पुढे आली ती सगळी कोठारात भात ठेवणारी होती.

मजुरीची दुसरी वाट म्हणजे सावड. तिथे 'वालिन-तानाना' आहे, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. सावडीने लावणी करतो तेव्हा एकट्या घराची पद्धत बदलता येत नाही, सगळ्या सावडीची बदलावी लागते. आपल्या बायका लावणीला वाकल्या की हाताच्या लयीत मुठीतून तीन-चार काड्या आपोआप सुटतात. त्यांना एक काडी लावायला सांगणे म्हणजे ती लय मोडणे. तेव्हा प्रयोग एका शेतकऱ्याच्या नव्हे, एका सावडीच्या हातांवर कर, आणि तोही दोन गुंठ्यांवर. दोन गुंठे बुडाले तर घर बुडत नाही.

कोकणातले काय चालेल? 'श्री' आपल्याकडे सगळीकडे का चालली नाही ते आधी लक्षात घे. जुलैत आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही. पाणथळ मळ्यात बारा दिवसांचे रोप पाण्याखाली जाते आणि कुजते. पाणी बाहेर काढायला वाट असेल, खाचर समतल असेल, तरच ती पद्धत. वरच्या मळ्यांत जमली, खालच्या पाणथळ खाचरांत आणि खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, नाही. तिथे आम्ही चारसूत्रीकडे वळलो: तुसाची राख किंवा पेंढा शेतात परत, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत, 15 आणि 25 सेंटिमीटरवर दोरीने आळीपाळीने लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल. कोकणच्या पावसात वरून फेकलेला युरिया वाहून जातो, खोवलेली गोळी राहते. आंत्सिराबेकडच्या बहुतेक गरीब घरांना गोळ्या परवडणार नाहीत, मिळणारही नाहीत. पण पाला आणि दोरी या दोन सूत्रांना पैसे लागत नाहीत. माणूस आख्खी पद्धत उचलत नाही, आपल्याला झेपेल तेवढे सूत्र उचलतो. त्याला ते उचलू दे. अर्धीच पद्धत केली म्हणून त्याचे नाव यादीतून कापू नकोस. माझ्याकडून हे झाले आहे आणि त्याची मला अजून खंत आहे.

माती तुला ओळखीची वाटेल. आपल्या जांभ्यासारखीच तांबडी, आम्ल, भुकेली. डोंगरांना मोठमोठ्या घळी पडलेल्या दिसतील, त्यांना ते 'लावाका' म्हणतात. खाचरात गुरांचा कळप हाकून तुडवत चिखलणी करतात. आपले जोत पाहिलेल्या माणसाला ते विचित्र वाटते, पण ज्याच्याकडे नांगर नाही आणि शेजाऱ्याचे कळप आहेत त्याला ते पुरते. हाताचे मुख्य अवजार 'आंगादी', लांब दांड्याची कुदळी-फावड्यातली वस्तू. ती पहिल्याच आठवड्यात स्वतः चालवायला शीक.

उतारावरच्या शेतीसाठी फिलिपाइन्सचे एक काम पाहून जा. मिंदानाओ बेटावर बाप्टिस्ट मिशनच्या ग्रामीण केंद्रात हॅरल्ड वॉटसन आणि त्यांच्या फिलिपिनो सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात उतारावर समपातळीत शेंगवर्गीय झाडांच्या दाट दुहेरी ओळी लावल्या, चार-पाच मीटरवर एक, आणि मधल्या पट्ट्यांत पिके. झाडे छाटायची, पाला पिकाखाली टाकायचा, वाहून येणारी माती ओळीला अडते आणि काही वर्षांत आपोआप पायऱ्या होतात. समपातळी आखायला तीन काठ्यांची 'अ' आकाराची चौकट, दोरी आणि दगड एवढेच. 1985 मध्ये वॉटसन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास त्यांच्या सगळ्या ओळी ज्या झाडाच्या होत्या त्या सुबाभळीवर उडत्या मावेसारखी कीड आली आणि ओळी उजाड झाल्या. त्यांनी लपवाछपवी न करता गिरिपुष्प आणि इतर झाडे मिसळून पुन्हा सुरुवात केली. कोकणात मी ही चौकट मजगीच्या, म्हणजे उतारावर बांध घालून खाचरे करण्याच्या, आखणीला आणि काजूच्या ओळींना वापरली. वरकस जमिनीवर नाचणी-वरी करणाऱ्यांना ती पटली, कारण ती घरी बनते.

झाडांवरून माझे सगळ्यात महागडे अपयश आठवते. आमच्या संस्थेने एका वर्षी वेंगुर्ला जातीची शेकडो काजूकलमे लोकांना फुकट वाटली. पावसाळ्यात खड्डे, माती, फोटो, सगळे झाले. भात कापून झाल्यावर गावाची गुरे मोकाट सुटली आणि त्यांनी शेंडे खाल्ले. उरलेली मार्चच्या वणव्यात गेली. तिसऱ्या वर्षी मी मोजायला गेलो तर मोजण्यासारखे फारसे उरले नव्हते. एका शेतकऱ्याला विचारले, कुंपण का नाही केले? तो म्हणाला, सातबारावर अकरा नावे आहेत, मी कुंपण घातले की भाऊबंद म्हणणार याने जागा दाबली. झाड लावणे म्हणजे हक्क सांगणे, हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. मादागास्करमध्येही जमीन पूर्वजांची, कागद क्वचित, आणि झाड लावले की जागा तुझी, अशी समजूत अनेक गावांत आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने राबणाऱ्याला झाड लावायला सांगण्याआधी मालकाशी बोल, गावच्या वडीलधाऱ्यांसमोर.

फुकट वाटपाबद्दल नगरच्या फादर हर्मन बाखरांचे काम मला पुढे मार्गदर्शक ठरले. स्वित्झर्लंडहून आलेले हे जेझुइट पाणलोटाच्या कामात गावाने आधी श्रमदान करून दाखवावे, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवावी, मगच पुढे जाऊ, असा आग्रह धरत. 1993 मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबोंबरोबर वॉटर ही संस्था उभी केली. आम्ही त्यांचा नियम जसाच्या तसा कोकणात आणला नाही, कारण नगरच्या माळरानावरची चराईबंदी आणि भात कापल्यावर अख्ख्या गावाने गुरे सोडण्याची कोकणची रीत या वेगळ्या गोष्टी. पण कलमाचे अर्धे पैसे घ्यायचे आणि कुंपण उभे राहिल्यावरच कलम द्यायचे, एवढे आम्ही सुरू केले. कलमे कमी गेली, जास्त जगली.

बियाण्यांचे थोडक्यात: काहीही नेऊ नकोस. परवान्याशिवाय बी नेणे हा गुन्हा आहे आणि रोग नेण्याचा सोपा मार्ग आहे. शिवाय आपल्या कर्जत-रत्नागिरीच्या जाती उष्ण किनाऱ्यासाठी निवडलेल्या, आणि आंत्सिराबे समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 मीटरवर, थंड. तिथे फोफिफा ही राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिच्या जाती आधी बघ आणि त्याहून आधी गावातल्या बायका कुठले बी वेगळे राखून ठेवतात ते बघ.

न्यायचेच तर हात ने. कोकणात हापूस कसा आला आठव. रानटी रायवळ इथे होतेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेल्या जेझुइटांनी गोव्यात भेट कलम बांधायला सुरुवात केली आणि चांगल्या झाडाचे गुण जसेच्या तसे पुढच्या झाडात आणता येऊ लागले. आफोन्सो दे अल्बुकर्कच्या नावाचा हापूस, पायरी, मानकुराद, मुसराद ही सगळी त्या हातांची कमाई. काजू तर ब्राझीलहून आला. त्या काळच्या सत्तेने गोव्यात लोकांवर काय जुलूम केले तेही मला ठाऊक आहे आणि ते झाकून मी ही गोष्ट सांगत नाही. पण कलमाची विद्या मात्र माळ्यांच्या हातात गेली आणि कुणाचीही जात-धर्म न विचारता वेंगुर्ल्यापासून देवगड-रत्नागिरीपर्यंत पसरली. तू दापोलीत कोय कलम, मृदुकाष्ठ कलम शिकली असशील. जाण्याआधी एखाद्या रोपवाटिकेत महिनाभर बसून हात पक्का कर. त्याच हाताने ॲव्होकाडोही बांधता येतो. शिकवताना दहा जणांना एकदम नको. दोघांना शिकव, आणि त्यांची कलमे जगेपर्यंत तिसऱ्याला घेऊ नकोस.

आणखी एक, आणि हे पहिल्याच दिवशी विचार: इथे शेतात कुठल्या वारी उतरायचे नाही? तिथे 'फादी' असतात, पूर्वजांनी घातलेल्या मनाया. अनेक गावांत मंगळवारी किंवा गुरुवारी भातखाचरात पाय ठेवत नाहीत. मी एकदा प्रात्यक्षिक गुरुवारी ठेवले आणि कुणीच आले नाही. गावपळण, म्हणजे काही दिवस अख्खे गाव सोडून बाहेर राहायची रीत, पाळणाऱ्या आचऱ्याजवळचा मी माणूस, मला हे सुचायला हवे होते. तिथले ख्रिस्ती लोकही फादी पाळतात. त्यावर प्रवचन देणे तुझे काम नाही.

आता भावाचा प्रश्न. त्याची शंका खोटी म्हणून झटकू नकोस. बियाणे, औषध, धान्य देताना अटी घातल्याच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत. 1994 मध्ये रेडक्रॉस आणि मदतसंस्थांनी आपत्तीच्या मदतकार्यासाठी आचारसंहिता केली, त्यात मदत कुठल्याही धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरणार नाही असे लिहिले आहे, आणि ती मांडणाऱ्यांत कारितास, लुथरन जागतिक संघ आणि चर्चेसची जागतिक परिषदही होती. म्हणजे हे बंधन बाहेरून कुणी लादलेले नाही. आम्ही कोकणात ते असे पाळले: बैठक चर्चच्या आवारात नाही, समाजमंदिरात किंवा कुणाच्या खळ्यात. लाभार्थी गावकीने सुचवायचे, आम्ही नाही. आलेला-गेलेला प्रत्येक रुपया वर्षातून दोनदा गावासमोर वाचायचा. प्रार्थना मी सकाळी घरी करून निघतो. कुणी विचारले की तुम्ही हे का करता, तर मी न लाजता सांगतो की ज्याने आम्हाला रोजची भाकर मागायला शिकवले त्याच्यासाठी. विचारले नाही तर भातावर बोलतो.

तिथे मात्र तुझी अडचण उलटी असेल. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक 1818 मध्येच मादागास्करला पोहोचले आणि 1835 मध्ये मलागासी भाषेत पूर्ण बायबल छापून झाले. तू ख्रिस्त घेऊन चाललेली नाहीस, तो तिथे फार आधी पोहोचला आहे. त्यामुळे धोका असा की तुझी मदत मंडळीतल्या मंडळीत फिरेल: पुढच्या बाकावरच्यांची मुले, वडीलमंडळींचे जावई, आपल्या चर्चचे लोक आणि शेजारच्या दुसऱ्या चर्चचे नाहीत. जो रविवारी येत नाही कारण त्याला धड कपडे नाहीत, तो यादीत कधीच येणार नाही. त्याच्या दारी तुलाच जावे लागेल.

शक्य असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पोहोच. तिथला तरवा पेरताना, कोठारे रिकामी होत जाताना आणि लावणीला सावडी जुळताना तू गावात असायला हवीस. मंडळींनी जानेवारीत जा म्हटले तर भांडून तारीख बदलून घे. भावाला हे सगळे वाचायला दे. त्याचे समाधान झाले नाही तर दोघे मिळून मेअखेरपर्यंत माझ्याकडे या. मृग लागला की मी मळ्यात असतो.